पिवळी पट्टी निघालेली माणसं

सकाळचे आठही वाजले नव्हते, आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकाबाहेर दोनशे माणसं थुंकण्यासाठी रांगेत उभी होती.

थुंकण्यासाठी म्हणजे खरोखरच थुंकण्यासाठी. आमच्या नाचणगावात ज्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ असं लिहावं, तीच भिंत आधी रंगते. त्याच गावची माणसं इथे तोंड मिटून, शिस्तीत, पाळी येईपर्यंत थुंकी सांभाळत उभी होती. बायांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. देवळीकडचे होते, आर्वीकडचे होते, पवनारहून दोन गाड्या बदलून आलेले होते. आत घंटा वाजली की सगळे माना उंच करायचे. घंटा वाजली म्हणजे कोणीतरी निर्मळ निघालं.

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. सात वर्षांच्या पोराला मांडीवर दाबून ‘चारच वर्षाचा हाय’ म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. तपासणीस चढला की झोपेचं सोंग घेणारे पाहिले आहेत. संशय घेणं हा माझ्या नोकरीचा भाग होता. नोकरी सुटली, संशय काही सुटला नाही. त्या रांगेत मी उभा होतो तो भक्त म्हणून नव्हे. माझ्यापुढे रूपराव उभा होता, म्हणून मी उभा होतो.

रूपराव माझा ड्रायव्हर. बावीस वर्षं आम्ही पुलगाव-आर्वी गाडीवर जोडीनं काढली. तो मला अजूनही ‘कंडक्टर’ म्हणूनच हाक मारतो, माझं नाव नत्थू आहे हे बहुधा विसरला असावा. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, म्हणून त्याचा खर्रा मी घोटायचो. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घालून तळहातावर रगडायचा आणि पुढे जाऊन त्याच्या हातावर ठेवायचा. थोडा स्वतःच्या गालात. रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर-कंडक्टर असंच करायचे, त्यात काही चुकीचं आहे असं कोणाला वाटायचं नाही.

आता त्याच रूपरावच्या उजव्या गालात दोन महिन्यांपासून जखम होती. भरत नव्हती. भाजी तिखट असली की डोळ्यांत पाणी यायचं. महिनाभरापासून त्यानं खर्रा बंद केला होता. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, गालाला लागला की आग व्हायची म्हणून. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू म्हणून गुरुवारची तारीख दिली होती. आणि गुरुवारच्या आधीच्या सोमवारी त्याची बायको देवकाबाई त्याला इथे घेऊन आली होती.

मंडपात सिंहासनावर बसला होता तो मुखशुद्धी महाराज. दिवाळीनंतर आमच्याकडे उगवला. कोणी त्याला छिंदवाड्याचा म्हणायचं, कोणी अमरावतीकडचा. त्याच्या मागे देवाच्या तसबिरीशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण प्लास्टिकमध्ये मढवून, हार घालून टांगलं होतं.

“भाईयो और माताओ,” महाराज माइकवर बोलत होता, “विदेशात आज डॉक्टर काय करून राह्यले? थुंकी तपासून राह्यले. थुंकीत कॅन्सर दिसते म्हणतात. ये देखो, पेपरात आलं. बायोमार्कर म्हणतात त्याले. अरे, विदेशाले जे आज समजलं ते आपल्या ऋषींना पाच हजार साल पहले मालूम होतं. तिकडे करोडची मशीन लागते, इकडे गुरुकृपेची एक पट्टी लागते. मशीन झूठ बोल सकती है. थुंकी कधी झूठ बोलत नाही.”

लोक माना डोलवत होते. मी रांगेतून वाकून ते कात्रण वाचलं. फुकटच्या पासवरची तारीख वाचायची सवय, दुसरं काय. कात्रण खरं होतं, आणि अडचण तिथेच होती. लाळेतल्या काही खुणांवरून तोंडाचा कर्करोग लवकर ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे, अशी ती बातमी होती. पण शेवटचं वाक्य ‘मात्र तज्ज्ञांच्या मते’ इथेच संपलं होतं. त्याखाली कात्री चालली होती. तज्ज्ञांचं मत महाराजानं कापून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट फाटकावरच्या पाटीची. पहिल्यांदा येणाऱ्यानं चूळ भरायची नाही, दात घासायचे नाहीत, ‘जसे आहात तसे या’. दुसऱ्यांदा येणाऱ्यानं मात्र आधी महाराजांचं तीर्थ तोंडात खेळवायचं, मगच थुंकायचं. एकाच गाडीला दोन नियम असले की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पट्टी म्हणजे बोटभर रुंदीची सुती चिंधी, पिवळीधमक. सेवेकरी ती चिमट्यात धरून पुढे करायचा. माणूस थुंकला आणि पट्टी लाल झाली, तर महाराज डोळे मिटून म्हणायचा, “काळ बसला.” म्हणजे कॅन्सर. मग त्या माणसाचा चेहरा बघवत नसे. त्याला अकरा दिवस भस्माच्या पुड्या मिळायच्या, खर्रा-तंबाखू-पान बंद, आणि अकरा दिवसांनी नारळ घेऊन परत यायचं. परत आला की पट्टी हमखास पिवळी निघायची आणि घंटा वाजायची. ज्याची पहिल्याच खेपेला पिवळी निघेल तो निर्मळ. त्याचं नाव-गाव माइकवर पुकारून फाटकाजवळच्या मोठ्या फळ्यावर रंगानं लिहिलं जायचं. बरे झालेले लोक समोरच्या पानठेल्यावर जाऊन आनंदानं पहिला खर्रा सांगायचे, हेही मी पाहिलं.

रूपरावची पाळी आली. त्याचं तोंड नीट उघडत नव्हतं, ओठ पुढे काढून तो कसाबसा थुंकला. आम्ही तिघं पट्टीकडे बघत राहिलो. पिवळी. तशीच पिवळी.

घंटा वाजली. “रूपराव, नाचणगाव, निर्मळ.” देवकाबाई तिथेच खाली बसून रडायला लागली. रूपरावनं महाराजाच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठताना माझ्याकडे पाहून हसला. दोन महिन्यांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की हे खरं असेल तर बरं होईल.

मग सेवेकऱ्यानं चिमटा माझ्यापुढे धरला. लबाडी पकडायची तर जवळून बघावं, म्हणून मीही थुंकलो.

पट्टी लाल झाली. कुंकवासारखी लाल.

“काळ बसला,” महाराज म्हणाला.

मी हसून घालवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. संशयी माणसाचं एक असतं, तो वाईट बातमीवर लगेच विश्वास ठेवतो. भस्माची पुडी मी नाकारली, पट्टी मात्र खिशात टाकली. बाहेर आल्यावर रूपरावनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्याच्या गालात दोन महिन्यांची जखम होती तो मला धीर देत होता.

“भेऊ नको, कंडक्टर. अकरा दिवसाचा त सवाल हाय.”

“अन् तुहा गुरुवार?” मी विचारलं.

“आता कायचा गुरुवार? महाराजानं निर्मळ सांगतलं. आता तुकडा काऊन काढू?”

“भाऊजी,” देवकाबाई मधे पडली, “तुकडा काढला की तो रोग पसरते म्हनते सारे. चांगलं निघालं त चांगलं म्हना न. तुमाले साऱ्यातच खोट दिसते.”

खिशातली लाल पट्टी मला बोलू देत नव्हती.

घरी मी काही सांगितलं नाही. माझी बायको सुलोचना समुद्रपूरकडच्या हळदीच्या वायगावची. लग्नाआधी तिनं हळद काढली, शिजवली, वाळवली, घासली. तिच्या माहेरच्या बायांच्या नखांतला पिवळा रंग कधी जात नाही. तिच्यापासून काही लपवायचं तर ते धुण्यात तरी टाकू नये. मंगळवारी दुपारी तिनं माझा शर्ट धुवायला घेतला. पट्टी खिशातच होती.

“हे कायचं फडकं हाय?” नळाजवळून तिनं विचारलं. “अर्धं लाल, अर्धं पिवळं.”

मी गेलो तेव्हा तिच्या हातात पट्टी होती आणि तिच्या हाताला साबण होता. जिथे जिथे साबणाची बोटं लागली, तिथे तिथे उरलेला पिवळा भाग लाल होत चालला होता.

“कुठं गेलते सांगा आधी,” ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. काळ बसला हेही सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. ती पट्टीचा वास घेत होती.

“हे हळद हाय,” ती म्हणाली. “वरणाचा डाग पडलेल्या शर्टाले साबण लावला की डाग लाल होते, ते तुमाले कसं मालूम असन? कधी धुतलं काय एखादं? अन् कुंकू कायचं करते? हळदीले चुना लावला का झालं कुंकू. आता मले खरं सांगा. तुमी खर्रा सोडला होता न?”

मी नळाकडे पाहिलं.

“संक्रांतीले माह्या समोर शपथ घेतली होती,” ती म्हणाली. “सोमवारी सकाळी खाल्ला होता का नाई?”

“घरून निघालो तवा थोडासा. रांगेत उभं राहाचं होतं म्हनून.”

तिनं शर्ट बाजूला टाकला आणि काम सुरू केलं. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या, हळदीच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकल्या. कोरड्या झाल्यावर एकीवर स्वतः थुंकली. पिवळी. दुसरी माझ्यापुढे धरली. जेवून खळखळून चूळ भरली होती, माझीही पिवळी. मग तिनं माझ्या पिशवीतून चुन्याची डबी बरोबर शोधून काढली, मी कुठे लपवतो ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. नखभर चुना माझ्या जिभेला लावला. थुंकलो. लाल. त्याच लाल पट्टीवर तिनं लिंबू पिळलं. पट्टी परत पिवळी झाली.

“तुमच्या महाराजाचं तीर्थ आंबट हाय काय, ते पाहा लागन,” ती म्हणाली. “ही पट्टी कॅन्सर नाई धरत. चोरून खाल्लेला खर्रा धरते.”

मला हायसं वाटलं. पण ते क्षणभरच.

कारण रूपराव. त्यानं खर्रा का सोडला होता? तोंड सोलवटलं होतं म्हणून. ज्याला जखमेमुळे खर्रा लावताच येत नाही त्याच्या थुंकीत चुना नाही, आणि चुना नाही म्हणजे पट्टी पिवळी. जो जास्त आजारी, तो निर्मळ. दोनशे माणसांत ज्यानं सगळ्यात आधी दवाखाना गाठायला हवा, त्यालाच ही चिंधी घरी पाठवत होती.

मी तसाच रूपरावकडे गेलो. पट्ट्या, चुना, लिंबू घेऊन. देवकाबाईनं मला दारातच थांबवलं.

“भाऊजी, तुमची लाल निघाली म्हनून तुमाले आमची पिवळी पाहवत नाई,” ती म्हणाली. “जा तुमी. मले आता काईच आयकाचं नाई.”

रूपराव आत खाटेवर बसला होता. बाहेर आला नाही. मी परत आलो आणि सुलोचनेला म्हणालो की गुरुवार हातचा गेला. ती म्हणाली, “उद्या बुधवार हाय न. महाराज बसते न.”

बुधवारी ती बायांच्या रांगेत उभी राहिली, मी पुरुषांच्या. देवकाबाईही आली होती, नवस फेडायला, हातात शेंडीचा नारळ. रूपराव तिच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.

सुलोचनेची पाळी आली. थुंकली. पिवळी. घंटा वाजली आणि सेवेकरी तिचं नाव विचारू लागला, तेव्हा ती म्हणाली, “थांबा भाऊ, नाव लिहाची घाई नोका करू. आनखी एक पट्टी द्या.”

“क्यों माता?” महाराजानं विचारलं.

“खात्री करून घेतो. दिवसात दोनदा थुंकलं त गुरुकृपा कमी होते काय?”

लोक हसले. पट्टी देणं भाग पडलं. तिनं पदराच्या गाठीतून डबी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, बोटभर चुना जिभेला लावला आणि थुंकली. लाल. मंडपात कुजबुज झाली. तिनं तीर्थाच्या तांब्यातून ओंजळभर घेतलं, तोंडात खेळवलं, तोंड वाकडं केलं.

“लिंबू हाय. लय आंबट हाय,” ती म्हणाली आणि सेवेकऱ्यापुढची तिसरी पट्टी उचलून तिच्यावर थुंकली. पिवळी. मग ती बायांकडे वळली. “पाहा वो बायाहो. आत्ता मी चांगली होती. मंग मले कॅन्सर झाला. मंग मी बरी झाली. चहा उकळाले याच्यापेक्षा जास्त टाइम लागते.”

महाराज उठून उभा राहिला. “माता, गुरु की परीक्षा नहीं लेते. कोप होगा.”

“कोप झाला त मले होईन. तुमी काऊन घामाघूम झाले?”

जिनिंगचे खांब सेवेकऱ्यांनी दोनच दिवसांपूर्वी चुन्यानं रंगवले होते. सुलोचनेनं चौथी पट्टी तीर्थात नाही, साध्या पाण्यात भिजवली आणि जवळच्या खांबावर दाबून धरली. काढली तेव्हा लाल.

“खांबावरही काळ बसला,” ती म्हणाली. “याले द्या अकरा दिवसाचं भस्म.”

आता हसणं आवरेना. पण सगळेच हसले असं नाही. एक म्हातारा काठी आपटत पुढे आला. “बाई, माह्या भावाची लाल होती. भस्मानं पिवळी झाली. त्याले बरं वाटून राह्यलं, ते झूठ हाय काय?”

“झूठ नाई, बुवा,” ती एकदम शांतपणे म्हणाली. “अकरा दिवस खर्रा सोडला त कोनालेही बरं वाटनच. सोडला तुमच्या भावानं. नाव या महाराजाचं काऊन करता? त्याले सांगा, आनखी अकरा दिवस सोड म्हनाव.”

महाराज मढवलेल्या कात्रणाकडे हात करून विज्ञान, विदेश, बायोमार्कर असं काहीतरी म्हणत राहिला. तेवढ्यात देवकाबाई पुढे झाली. तिचा आवाज बारीक होता, माइकपुढे उभी असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आला.

“महाराज, मंग याइच्या गालात जखम हाय ते कायची हाय?”

“श्रद्धा रखो, माता.”

“श्रद्धा हाय म्हनूनच आली मी. जखम कायची हाय ते सांगा.”

महाराज सेवेकऱ्याकडे वळला. देवकाबाईनं पायरीवर ठेवलेला नारळ उचलला, पदराखाली धरला आणि रूपरावकडे गेली. जाताना माझ्याजवळ थांबली.

“उद्याची गाडी कितीची हाय, भाऊजी?”

गुरुवारी आम्ही चौघं एसटीनं निघालो. रूपराव खिडकीशी, मी शेजारी. दुसरा कोणी गाडी चालवत असला की तो नेहमी चुका काढतो. त्या दिवशी काढल्या नाहीत. देवळीच्या पुढे मी त्याला म्हणालो, “बावीस वर्षं माह्या हातानं घोटून देल्लं तुले.” मी बाहीनं डोळे पुसले. मला तेव्हा फार वाईट वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

“तू नसता घोटला त म्या दुसऱ्याकडून घोटून घेतला असता,” तो म्हणाला. “खाल्ला म्या. उगा रडू नको, लोकं पाहून राह्यले.”

तारीख देणारी डॉक्टरीण, डॉ. आचल, तिशीच्या आतली, हिंगणघाटची. रूपरावच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून तिनं शांतपणे सगळं पाहिलं, तुकडा काढला, टाके घातले. पट्टीची हकीकत ऐकून ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला.

“काका, त्यानं बातमी खोटी नाही लावली. कॅन्सरच्या पेशी लाळेत काही खुणा सोडतात, काही प्रथिनं, काही जनुकांचे तुकडे. त्या शोधायच्या चाचण्यांवर जगात बऱ्याच ठिकाणी काम चालू आहे. उद्या कदाचित गावातल्या आरोग्य केंद्रात कपात थुंकलं की सुरुवातीलाच कळेल. तसं झालं तर मला फार आनंद होईल. पण त्या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत. चिंधीवर रंग बदलून तर नाहीच.”

माझा संशयी स्वभाव तिथेही गप्प बसेना. “अन् मॅडम, उद्या तुमीच म्हनान का थुंकीत काही नाई, तुमी निर्मळ हा. मंग तुमच्यावर तरी काऊन विश्वास ठेवाचा?”

“आंधळा ठेवू नका,” ती म्हणाली. “मला एक प्रश्न विचारा. तुमची चाचणी शंभर आजारी माणसांतल्या किती जणांना ‘तुम्ही बरे आहात’ असं सांगते? खरी चाचणी करणारा हे मोजतो, लिहून ठेवतो आणि लोकांपुढे मांडतो. आकडा मोठा असला तर चाचणी फेकून देतो. तुमच्या महाराजानं कधी मोजलं? आज तरी जखम दिसली की तुकडा काढून तपासणं हाच भरवशाचा मार्ग आहे. तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही. उशीर केल्यानं पसरतो.” मग ती माझ्याकडे वळली. “आता तुम्ही तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला आत, तोंड किती उघडतं ते बघू.”

माझी अडीचच गेली. सुलोचना बघत होती. चुन्याची डबी त्या दिवशी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात गेली, तिनं टाकली, मी अडवलं नाही.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, “ज्यांची पट्टी लाल झाली ते घाबरून तरी इकडे येतील. मला चिंता पिवळीवाल्यांची आहे.”

रूपरावचा रिपोर्ट आठवड्यानं आला. कर्करोगच होता, पण लहान, गालापुरता. ऑपरेशन झालं. आता बोलताना त्याची जीभ थोडी अडखळते, जेवायला वेळ लागतो, आणि गाडीत बसला की ड्रायव्हरच्या चुका काढणं त्यानं पुन्हा सुरू केलं आहे.

महाराज बुधवारी संध्याकाळीच टेम्पोत सामान भरून गेला. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. ते आले तेव्हा सिंहासनाची जागा झाडलेली होती. कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या रंगाची पट्टी घेऊन तो बसला असेल, याबद्दल मला शंका नाही. पण घाईत एक गोष्ट त्याला नेता आली नाही. निर्मळ भक्तांचा तो मोठा फळा. त्रेसष्ट नावं, गावासकट.

मी आणि रूपराव त्या फळ्यापुढे वही घेऊन उभे राहिलो. त्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तरी तो आला. कोणत्या गावाला कोणती गाडी, हे आम्हाला कोणाला विचारावं लागणार नव्हतं. बहुतेक लोक ठणठणीत निघाले. ज्यांनी आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नाही त्यांची पट्टी पिवळी निघाली, त्यात नवल काय. काहींनी आम्हाला शिव्या घालून हाकललं. सहा जणांच्या तोंडात जखमा किंवा पांढरे चट्टे होते. त्यातले पाच दवाखान्यात आले.

सहावी पवनारची आनंदाबाई. फळ्यावर तिचं नाव सगळ्यात वर होतं, महाराज आला त्या पहिल्याच आठवड्यात निर्मळ झालेली. धाम नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर तिचं घर. साठीची बाई, चुना कधी खाल्ला नाही. तंबाखू भाजून, कुटून, त्याच भुकटीनं दात घासायची, सकाळ-दुपार. खालच्या हिरडीला दिवाळीपासून फोड होता. सून दवाखान्यात चला म्हणत होती, पण पट्टी पिवळी निघाली आणि विषय संपला. आम्ही पोचलो तेव्हा मानेत सुपारीएवढी गाठ आली होती. रूपरावकडे पाहून ती तयार झाली, आमच्याबरोबर आली, सगळ्या तपासण्या केल्या. डॉ. आचलनं बाहेर येऊन सुनेला बाजूला घेतलं आणि बराच वेळ तिचा हात धरून बोलत राहिली.

आनंदाबाईला न सांगताही कळलं. बाकावर बसल्या बसल्या तिनं मला विचारलं, “भाऊ, मंग त्या पिवळ्या पट्टीचा अर्थ काय होता?”

खोटं बोलून तिला बरं वाटेल असं काही मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी बोललो नसतो.

“काहीच नव्हता, माय,” मी म्हणालो. “तुमच्या तोंडात चुना नव्हता, एवढाच.”

तिनं मान हलवली. आषाढ लागायच्या आत ती गेली.

म्हणून हे लिहिलं. लोक मला विचारतात की महाराज-बुवा ओळखायचा कसा. मी म्हणतो, भीती घालणाऱ्यावर संशय घ्याच, पण तुम्हाला पाहिजे तीच गोड बातमी देणाऱ्यावर त्याच्या दुप्पट घ्या. कशावरून म्हणता, हे विचारा. किती वेळा चुकलात, हे विचारा. विचारल्यावर जो चिडतो त्याच्यासमोरून उठून या. आणि आज घरी गेल्यावर उजेडात, आरशापुढे, तोंड उघडा. गाल, हिरड्या, जिभेच्या कडा बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन बोटं आत जात नसतील, तर कोणाला विचारत बसू नका. दवाखान्यात जा, आणि घरचं माणूस सोबत न्या.